लांबच्या दीर्घिकासमूहांचं एक्स-रे तेज मोजायचंय: चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन की ईरोसिटा?

या तिन्ही अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणी. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप, z) 1 च्या आसपासचे समूह घेतले की पहिली अडचण येते ती फोटॉनची, कारण पृष्ठतेजस्विता, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्यातून येणारं तेज, (1+z) च्या चौथ्या घाताने घसरते, म्हणजे तिथे ती 16 पट कमी झालेली असते, आणि त्यामुळे बरेच जण डोळे झाकून एक्सएमएम-न्यूटनकडे जातात. चुकीचं नाही ते. त्या एकाच यानावर तीन दुर्बिणी, प्रत्येकीत 58 आरसे एकात एक बसवलेले, तेवढ्याच वेळात चंद्रापेक्षा कितीतरी जास्त फोटॉन हाती लागतात. फक्त आर्काइव्हमध्ये लिहिलेल्या एक्स्पोजरवर (निरीक्षणाच्या वेळेवर) जाऊ नका, आधी लाइट कर्व्ह (वेळेनुसार फोटॉन किती आले त्याचा आलेख) बघा, प्रोटॉनच्या फ्लेअरमध्ये, म्हणजे त्यांच्या अचानक होणाऱ्या माऱ्यात, कधीकधी मोठा हिस्सा टाकून द्यावा लागतो.

पण खरी मेख आहे गाभ्यात. समूहातल्या तप्त वायूतून निघणारं तेज घनतेच्या वर्गावर अवलंबून असतं, त्यामुळे थंड आणि दाट गाभा असलेला समूह वस्तुमान तेवढंच असूनही जास्त झगझगीत दिसतो, म्हणून तेजावरून वस्तुमान काढायचं असेल तर R500 (ज्या त्रिज्येच्या आत सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या 500 पट असते ती) च्या 0.15 पर्यंतचा भाग वगळून मोजतात. आता रेडशिफ्ट 1 ला 1 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग) म्हणजे साधारण 8 किलोपार्सेक (1 किलोपार्सेक सुमारे 3,260 प्रकाशवर्षं), म्हणजे 100 किलोपार्सेकचा गाभा जेमतेम 12-13 आर्कसेकंदांचा, आणि एक्सएमएममध्ये बिंदूस्रोताचा निम्मा प्रकाशच सुमारे 15 आर्कसेकंद व्यासात पसरतो! गाभा कापला तरी त्याचा उजेड बाहेर सांडलेला असतोच. मधल्या दीर्घिकेत सक्रिय कृष्णविवर असेल तर अजून वाईट, सगळा एकच गोळा दिसतो आणि समूहाचं तेज फुगतं. चंद्राला अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत वेगळं दिसतं, तिथे हा घोळ होत नाही.

चंद्राची दुखरी बाजू म्हणजे एसिस या तिच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं साचत गेलेला थर, त्याने कमी ऊर्जेचे फोटॉन अडतात, आणि रेडशिफ्टमुळे आपल्या समूहांचा प्रकाश तिकडेच सरकलेला असतो. त्यामुळे जुनी निरीक्षणं मिळाली तर ती आधी घ्या.

ईरोसिटाचं काम वेगळंच, ती सगळं आकाश चाळायला बनवलेली. 2024 च्या जानेवारीत अर्ध्या आकाशाचा डेटा खुला झाला, पहिल्या सर्वेक्षणाच्या यादीत 12,247 समूह आहेत, नमुना मोठा हवा असेल तर दुसरा पर्याय शोधू नका. एकेका लांबच्या समूहाचे मात्र मोजकेच फोटॉन असतात, तापमान त्यातून निघत नाही.

अजून एक, गरम समूहांचं तापमान चंद्रा एक्सएमएमपेक्षा जास्त दाखवतो, मग तापमानावरून काढलेली R500 आणि के-करेक्शनही (रेडशिफ्टमुळे सरकलेल्या ऊर्जेसाठी तेजात करायची दुरुस्ती) बदलतं, तेव्हा दोघांचे आकडे कॅलिब्रेशन न जुळवता एका ग्राफवर टाकू नका.

दोन-चारच समूह असतील तर मी चंद्राचं छोटं का होईना निरीक्षण आधी शोधेन, त्यातले बिंदूस्रोत टिपून ठेवेन आणि त्यांचा हिशोब धरून तेज एक्सएमएमवर मोजेन.