साठी-सत्तरीतल्या नवख्या हाताला बत्तीस बोर झेपेल का?

ग्वाल्हेरात बंदुकांना तोटा नाही. त्यामुळे मुलं पुण्या-बंगळुरूला आणि काका-आत्या माधवगंजात किंवा थाटीपूरला एकटे, अशी वेळ आली की "एखादं लायसन्स काढून ठेवा" हा सल्ला नातेवाईक सगळ्यात आधी देतात. मग दुकानात मेक, पॉलिश आणि किमतीवर तासभर बोलणं होतं. आत्यांच्या बोटाला चाप ओढता येतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. या वयात आणि पहिल्यांदाच हत्यार हातात घेणाऱ्यासाठी निवड हातापासून सुरू करावी लागते. म्हणून इथे प्रत्येक हत्यार मनगट, अंगठा आणि डोळे यांच्या हिशेबाने तपासलं आहे.

बोर म्हणजे नळीचं माप. सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा अडतीस बोर मिळत नाही, ते प्रतिबंधित बोर आहेत. उरतात बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर, बत्तीसचंच पिस्तूल, बावीस बोर आणि बारा बोरची बंदूक. रिव्हॉल्वर आणि पिस्तूल दोन्ही बत्तीसच म्हणवतात, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं खोकं सुमारे २३ मिलिमीटर लांब, पिस्तुलाचं १७. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, सरकतंही, पण त्याचा दाब जास्त असतो, तेव्हा ते अजिबात वापरू नका. काडतुसं घ्यायला मुलगा किंवा जावई गेला तरी घरी आल्यावर डबीवरचं नाव वाचूनच ती कपाटात ठेवा.

आमची पहिली पसंती कानपूरचं जुन्या वेब्ली पद्धतीचं बत्तीस बोर रिव्हॉल्वर. पूर्वी ते आयुध निर्माणी म्हणून यायचं. २०२१ पासून तो कारखाना अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. सहा गोळ्या, तीन इंचांची नळी, वजन साधारण ७०० ग्रॅम. ज्येष्ठांच्या दृष्टीने याचा मोठा गुण म्हणजे ते मधून मोडतं. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सहाही घरं एकदम समोर येतात. भरलंय की रिकामं, ही शंका एका नजरेत फिटते. पिस्तुलात तसं नाही. मॅगझिन काढून ठेवलं तरी एक गोळी नळीत बसलेली असू शकते, आणि घरातले बरेच अपघात त्या विसरलेल्या एका गोळीचेच असतात. अशनी पिस्तूल हत्यार म्हणून चांगलं आहे, पण त्याचा स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला दोन्ही हातांत जोर लागतो. संधिवाताच्या बोटांना तो अर्धवटच ओढला जातो आणि काडतूस तिरकं अडकतं. सत्तरीच्या नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

रिव्हॉल्वरची अडचण चापात आहे. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, अंगठ्याने न चढवता सरळ चाप ओढायचा तर पाच-सहा किलोचा जोर लागतो, नव्या हत्यारात त्याहूनही जास्त. दुकानदाराला विचारून, ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करून, स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं घालून हे आधी करून पाहा. हात पुढे धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सलग सहा वेळा चाप ओढायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला नळी खाली जायला लागली किंवा दुसरं बोट मदतीला घ्यावं लागलं, तर ते हत्यार या हातासाठी नाही. अशा वेळी काउंटरवर हमखास उपाय सुचवतात, "घोडा चढवून चालवायचं, मग चाप हलका लागतो." तो हलका लागतो हे खरं. पण घोडा चढवल्यावर गोळी झाडायची गरज पडली नाही तर? मग थरथरत्या अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून, तो हळूच खाली सोडावा लागतो. अंगठा घसरला की गोळी सुटते. म्हणून ज्येष्ठांना घोडा चढवायला शिकवूच नये. चाप पूर्ण ओढता येत असेल तरच हे रिव्हॉल्वर घ्यावं.

मोडण्याच्या रचनेत एक खोडही आहे. रिव्हॉल्वर हळूहळू, नळी जमिनीकडे ठेवून उघडलं, की रिकामं खोकं कधीकधी खोकी बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली घसरतं. मग ना ते निघतं, ना रिव्हॉल्वर बंद होतं. नळी वरच्या बाजूला कलती धरून एका दमात पूर्ण उघडा, खोकी आपल्या वजनाने पडतात. नवीन असताना खटकाही कडक असतो. काकूंचा अंगठा पोचत नसेल तर मूठ मोठी आहे, असं समजा.

जानेवारी २०१४ मध्ये आलेली निर्भीक (हेही बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर) अजूनही लोक विचारतात, कारण ती महिलांसाठी म्हणून गाजली. टायटॅनियम मिश्रधातूची, वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये वागवायला हलकी, पण घरात ठेवायला त्या हलकेपणाचा उपयोग नाही. हत्यार जितकं हलकं तितका धक्का जास्त. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या प्रबल रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम. काम नेटकं आहे. ५० मीटरच्या पल्ल्याची जाहिरात झाली, पण घरातलं अंतर बैठकीच्या खोलीएवढं, तेव्हा त्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. चापाची परीक्षा तिच्यावरही तशीच घ्या.

चष्म्याकडे कोणी लक्ष देत नाही. हात लांब केल्यावर पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, डोळ्यापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर येते. वाचायचा चष्मा त्याहून जवळचं दाखवतो, लांबचा चष्मा दूरचं. दोन्हींत माशी पुसट दिसते. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर माशी शोधायला मान मागे टाकावी लागते आणि हात आपोआप वर जातो. नेत्रतज्ज्ञाकडून कॉम्प्युटरच्या अंतराचा चष्मा करून घ्या आणि तो रात्री उशाशी ठेवा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन आधी, लायसन्स नंतर.

बारा बोरची दुनळी या गावात बऱ्याच घरांत वारशाने आलेली असते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त. वजन तीन किलोच्या पुढे, धक्का थेट खांद्यावर. हाडं ठिसूळ झालेली असतील तर ती नकोच. बिनघोड्याच्या दुनळीत नळी खाली करतानाच आतले घोडे चढतात, त्यामुळे ती उघडायला जोर लागतो. घोड्याच्या जुन्या दुनळीत अंगठ्याचा तोच धोका, दोनदा. अशी बंदूक वापरायची तर आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या. पुढचं लाकूड काढून नळ्या हलवल्यावर खडखडल्या, किंवा बंद बंदुकीत नळी आणि पाठीच्या फटीतून उजेड दिसला, तर तिने बार काढू नये. जुन्या नळ्यांचं घर बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण फुटल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. खडकीच्या शक्तिमान काडतुसांवर लांबी छापलेली असते, ती नळीवरच्या आकड्याशी जुळवून पाहा.

भिंतींचाही विचार हवा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्याची दगड-चुन्याची भिंत गोळी अडवते, पण गोळी तिच्यावरून उसळते. नव्या फ्लॅटचा पातळ दरवाजा गोळी अडवत नाही, आणि पलीकडे शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं असतं. म्हणून खोली ठरलेली हवी. दार आतून बंद, मागे भिंत, आधी ११२ ला फोन, मोठ्याने ओरडून इशारा. हत्यार हातात घेऊन घरभर फिरायचं नाही. रात्री बाथरूमला उठलेला नातू आणि चोर अंधारात सारखेच दिसतात. टॉर्च उशाशी हवाच. भारतीय न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा अधिकार गरजेपुरताच आहे. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव उभा राहत नाही.

ठेवण्याचं म्हणाल तर चामड्याच्या म्यानात कधीच नको. श्रावणात चामडं ओल धरतं आणि महिन्याभरात पोलादावर खड्डे पडतात. कोरड्या सुती कापडात, भिंतीला बोल्ट मारलेल्या लोखंडी तिजोरीत ठेवा, किल्ली एकाकडेच. डिजिटल कुलूप असेल तर सेल दिवाळीला बदला. काडतुसांना तेलाचा हात लावू नका. तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत झिरपलं की काडतूस मरतं. चाप ओढल्यावर आवाज फुसका आला तर पुन्हा चाप ओढू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते. घरात कोणाला विस्मरण होतंय, झोपेच्या गोळ्या चालू आहेत, किंवा कोणी निराशेत आहे, तर हत्यार आणूच नका, असलेलंही बाहेर काढा. त्या घरी मजबूत जाळीचा दरवाजा, आतून दोन कड्या आणि अंगणात सेन्सरचा दिवा जास्त कामाचे. निराशेतल्या माणसाशी बोलायला टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

अर्जासोबत हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरने नुसती सही ठोकली तर तिथेच थांबवा आणि हातांची, डोळ्यांची खरी तपासणी करायला लावा. परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आजोबांची दुनळी घरात असेल आणि ते सत्तरीला पोचले असतील, किंवा ती त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. हे काम लांबवू नका.

निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं. ग्वाल्हेर-चंबळ भागात हे दर वेळचं. देण्याआधी पातळ तेलाचा हात फिरवा, नंबराचा फोटो काढा, पावतीवर काडतुसांची संख्याही लिहून घ्या. परत घेताना उघडून नळीतून उजेडाकडे पाहा, आणि नंबर पावतीशी जुळल्याशिवाय सही करू नका.