सुन्जा आधी की सत्यवती?

मिरजेच्या वहिनींचा प्रश्न साधा होता. दिवाळीपर्यंत एकच जाड कादंबरी होईल, तीही दुपारच्या निवांत तासाभरात. पिढ्यांची गोष्ट हवी, आणि मोडलेला डाव बाईनं पुन्हा मांडलेला हवा. मग मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ घ्यावी की आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुति’? दोन्ही माझ्या कपाटात आहेत आणि दोन्ही दोनदा वाचून झाल्यात. माझा अधिकार एवढाच, समीक्षा वगैरे आपलं काम नव्हे.

‘पाचिंको’ हातात घेतली की सुटत नाही, हे आधीच कबूल करतो. १९१० साली जपाननं कोरिया गिळला तिथून गोष्ट सुरू होते आणि थेट १९८९ पर्यंत येते. बुसानजवळच्या बेटावर कोळ्यांना खोल्या आणि जेवण देणारं एक घर, ते चालवणारी विधवा आई आणि तिची सुन्जा. पोरीला दिवस जातात. पोटातल्या बाळाचा बाप म्हणजे कोह हान्सू, मासळीचा बडा दलाल, आधीच लग्न झालेला. घरात आजारी पडलेला एक तरुण पाद्री तिच्याशी लग्न करतो आणि दोघं ओसाकाला जातात. जपान म्हटलं की आपल्याला बुलेट ट्रेन आठवते. इथं जपानातच जन्मलेला चौदा वर्षांचा मुलगा परदेशी म्हणून नोंद करायला जातो आणि बोटांचे ठसे देऊन येतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारून आलो होतो. (२०२२ ची मालिका बघितली असेल तरी वाचा. मालिकेत काळ उलटसुलट केलाय, पुस्तक सरळ चालतं.)

मधला भाग तर सोनं आहे. नवरा तुरुंगात. बायकांनी कमवायला बाहेर पडू नये, या हट्टाचा मोठा दीर घरात. आणि ही तान्हं मूल घेऊन किमचीचा गाडा बाजारात ढकलतेय. पहिली आरोळी द्यायला तोंडातून आवाज फुटत नाही. हे सगळं मी आत्याला मराठी करून सांगितलं, कारण आत्यानं सांगलीच्या गावभागात पंचवीस-तीस वर्षं मेस चालवली आहे. रात्री शेंगा फोडत ऐकायची. किमची म्हणजे काय ते सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे लोणच्यावर संसार काढला म्हण की.”

आणि तिथंच माशी शिंकली. सुन्जा अडली की हान्सू हजर. तिला खाणावळीत पगारी काम मिळतं, तर ती खाणावळ पडद्याआडून हान्सूची. ओसाकावर बॉम्ब पडणार, तर सगळ्यांना शेतावर हलवणारा हान्सू. आईला कोरियातून आणणारा तोच, थोरल्या मुलाची युनिव्हर्सिटीची फी भरणारा तोच. दिराचं कर्ज फेडायला तिनं स्वतःच्या हिमतीवर, घासाघीस करून एक घड्याळ विकलं, म्हणून मी खूष झालो होतो. पण घड्याळ त्यानंच दिलेलं, आणि पुढं कळतं की त्या घड्याळावरूनच त्यानं तिचा माग काढला. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून मी नुसता श्वास घेतला तरी आत्या विचारायची, “आला वाटतं मासळीवाला?”

तिचा राग का, ते मला ठाऊक होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ च्याही वर गेली. मेसमध्ये छताला हात लागेल इतकं पाणी. ओसरल्यावर गाळ काढायलाच आठवडा गेला. एक पैसेवाले पाहुणे सगळं नवीन करून द्यायला तयार होते. आत्यानं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं आणि शेगडी भिशीच्या पैशांतून आणली. दसऱ्याला डबे परत सुरू. अशा बाईला हान्सू पटणं अवघडच.

आता न्यायानं बोलायचं तर लेखिकेनं हे मुद्दाम केलं असणार. परक्या देशात, कागदावर परक्याच ठरलेल्या लोकांना स्वच्छ पैसा मिळत नाही, हेच तिला दाखवायचं असेल. हान्सूची मदत फुकटची नाही, तिची किंमत पुढं मोजावी लागते आणि ती भयंकर आहे. माझी तक्रार कदाचित वाचकाची कमी आणि आत्याच्या भाच्याची जास्त असेल. तरी दुसऱ्यांदा वाचतानाही ती गेली नाही. शिवाय शेवटच्या भागात गोष्ट मुलाकडं आणि नातवाकडं सरकते आणि सुन्जा हळूहळू कडेला जाते.

‘प्रथम प्रतिश्रुति’ची अडचण वेगळी. मी ती हिंदीतून वाचली. पहिली शंभर पानं घरात कोण कोणाची कोण हेच कळत नाही. आपल्याकडं थोरली, मधली, धाकटी एवढ्यात भागतं; बंगाल्यांचं बडो, मेजो, सेजो, न, छोटो असं चालतं. त्यात सोवळ्यातल्या म्हाताऱ्या विधवांचं स्वयंपाकघर वेगळं. माझ्या प्रतीत वंशावळ नव्हती, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढून ठेवली. हे केलं की गाडी रुळावर येते.

आशापूर्णा देवी शाळेत गेल्या नाहीत. भाऊ शिकायचे, ते बघून-ऐकून अक्षरं गिरवली. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका, आणि ते याच कादंबरीसाठी. पुस्तक १९६४ चं, गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातली. सत्यवतीचे वडील रामकाली वैद्य आहेत, गावात शब्दाला वजन असलेला सज्जन माणूस. लग्नाला निघालेला एक नवरदेव वाटेत त्यांना दिसतो, आणि तो वाचणार नाही हे ते ओळखतात. नवरीच्या जन्माचं नुकसान होऊ नये म्हणून रामकाली आपल्या पुतण्याला बोहल्यावर उभा करतात. पुतण्याचं लग्न झालेलं आहे, घरात शारदा नावाची बायको आहे. तिला विचारतो कोण! आणि एवढीशी सत्यवती बापालाच जाब विचारते.

मला हान्सूच्या जागी काय हवं होतं, ते इथं सापडलं. उपकार करणारा पुरुष इथंही आहे, चांगल्या मनाचा आहे, पण त्याच्या उपकाराचा हिशेब एका बाईच्या अंगावर पडतो आणि दुसरी तो बोलून दाखवते. पुढं सत्यवतीच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, सुवर्णलतेचं, लग्न तिच्या पाठीमागं लावून टाकतात. तेव्हा ती जे करते ते सांगत नाही. तिला सोडवायला मात्र कोणी येत नाही.

वाचायला ही जडच आहे. कामावरून दमून येऊन दहा पानं वाचायची असतील तर ‘पाचिंको’ बरी, इंग्रजीही सोपं आहे. पण वहिनींना दुपार मोकळी असते, आणि सासरच्या चुलत-मावस गोतावळ्यात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला मेजो-सेजोचं काय भय? मी नक्की अमुकच घ्या असं म्हटलं नाही. पेन्सिलीच्या वंशावळीचा फोटो तेवढा पाठवून दिला.

याचे पुढं आणखी दोन भाग आहेत. तिसरा, ‘बकुलकथा’, मला थोडा सैल वाटला. दुसरा सुवर्णलतेचा. नव्या घराला रस्त्याकडची गॅलरी हवी, एवढंच तिचं मागणं. नवरा हो म्हणतो आणि घर बांधून होतं ते गॅलरीशिवाय. तिथवर आत्याला सांगून झालंय. दोन दिवसांत तिचे तीन फोन आले, “गॅलरीचं काय झालं रे?” या रविवारी जाईन म्हणतो. शेंगा घेऊन जायला हव्यात.