फाट्यावरचं मोटर वाइंडिंगचं दुकान, वरूड तालुका: पाचपैकी साडेचार

एप्रिलात आंबिया बहाराची संत्री बोराएवढी असताना माझी 5 एचपीची सबमर्सिबल जळाली. डीपीवरचा एक फेज गेला अन् मी स्टार्टरला ऑटो (लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) लावून घरी झोपलेलो. चूक माझीच. आपल्याकडचे बोअर किती खोल गेलेत ते सांगायला नको, मोटर वर काढायलाच अर्धा दिवस गेला. मागच्या वर्षी एका जुन्या वाइंडरनं आठ दिवस लटकवलं होतं, वर तारही हलकी घातली. म्हणून नाइलाजानं फाट्यावरच्या दोन पोट्ट्यांकडे गेलो.

नाइलाज यासाठी, की पोळ्याच्या मारामारीत तोरणाखाली त्यातल्या मोठ्याच्या हातात लोखंडी पाइप मी डोळ्यांनी पाहिला होता. लहाना तर रोज पानठेल्यावर कोणाशी तरी भिडलेला. दोघांच्याही घरी शेती नाही. नंतर ते जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत महिनाभर वाइंडिंग शिकून आले, राहणं-जेवण फुकट. ही संस्था बँका चालवतात अन् शिकवून झाल्यावर दोन वर्षं पोरांची चौकशीही ठेवतात. तरी दुकानाच्या कर्जासाठी यांना लय चकरा पडल्या.

जळकी तार काढली अन् मोठ्यानं ती माझ्यासमोर काट्यावर ठेवली. "काका, हे तांबं तुमचं हाय. घरी नेता का बिलातून कापू?" पंचवीस वर्षांत एकाही वाइंडरनं मला हे विचारलं नव्हतं. नवी तार भरल्यावर मेगर (तारेतून करंट गळतो का ते तपासायचं मीटर) लावून दाखवलं. मग मोटर उभी करून तिच्यात स्वच्छ पाणी ओतत बसला, बुडबुडे थांबेस्तोवर बूच लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मोटर बोअरमध्ये. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) बसवल्याशिवाय गॅरंटी देत नाही म्हणून अडला, तोही बसवून घेतला.

पक्कं बिल मागावं लागतं. फोन लहान्याजवळ असला तर उचलत नाही. रात्रीच्या लाइनीत मोटर बंद पडली तर मात्र अकरा वाजताही गाडीवर येतात. आधी त्या वेळेला हे दोघं चौकात असायचे.

पोळ्याची केस अजून चालू आहे. शटरवर खडूनं 'तारीख' लिहिलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.