फियाट २२ महिने वापरली, आणि एका खटक्यानं डोकं खाल्लं

प्रीमियर पद्मिनी म्हणा, आमच्याकडं बेळगावात सगळे फियाटच म्हणतात. १९८६ चं मॉडेल, खानापूरच्या एका रिटायर मास्तरांकडनं १ लाख १० हजाराला घेतली. १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, हे सगळं तुम्हाला माहीत हाय. गाडी झकास चालते, गावात १० च्या वर ॲव्हरेज देत नाही, ते असू दे.

मला बोलायचंय ते पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेबद्दल. डिसेंबरात सांबऱ्याहून येताना तिचा खटका तुटला. खटका नसला की ४० च्या वर काच फडाफडा उघडते, आणि गाडी उभी असली की कुणीपण हात घालून दार उघडू शकतंय. मुंबईच्या एका पार्टवाल्याला फोन केला तर एका खटक्याचे ४,५०० सांगितले. का, तर "टॅक्सी बंद झाल्यापासनं माल कुठाय साहेब". तेही खरंच, ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरनं गेल्या आणि तेव्हापासनं ज्याला त्याला फियाट पाहिजे, लग्नाला पाहिजे, फोटोला पाहिजे, हॉटेलच्या दारात उभी करायला पाहिजे.

भाव वाढला म्हणून आधी मी पण खूश होतो. सिग्नलला लोक काच खाली करून विचारायचे, "कितीला देता ओ?" एकानं २ लाख २५ हजार सांगितले तेव्हा रात्री झोप नाही, आनंदानं. पण नंतर बघा काय झालं. इन्शुरन्सवाला थर्ड पार्टीच देतोय, म्हणजे कुणी उचलून नेली तर सव्वादोन लाखातला एक रुपया परत नाही. मग गणपत गल्लीच्या गर्दीत न्यायची बंद, पावसात बंद, चोर्ला घाट तर नावच नको. बायको म्हणाली, "देवघरात तरी ठेवा की." कव्हर घालून दोन महिने उभी ठेवली तर बॅटरी गेली, आणि ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाईप लिबलिबीत. (ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि खातंय पण आपलेच पाईप!) वर रजिस्ट्रेशन रिन्यूअल, २०२२ पूर्वी ६०० रुपये होते, आता २० वर्षांवरच्या कारला १० हजार. ५० वर्षांची झाल्यावर व्हिंटेज नंबर घ्या म्हणतात, त्याला २० हजार, आणि रोजच्या वापराला चालवायची नाही. मग घ्यायचा कायसाठी?

तर खटका. ४,५०० देणं वट्ट जमणार नव्हतं. तुटलेला तुकडा खिशात घालून उद्यमबागच्या कारखान्यांकडं गेलो, एका लेथवाल्या अण्णांनी बघितला, हसले, आणि पितळेचा करून दिला, ३५० रुपये. चहा पण त्यांनीच पाजला. काळ्या फ्रेमवर पिवळाधमक दिसतोय, सोन्याचा दात बसवल्यासारखा.

सव्वादोनवाला परत आला, खटका बघून म्हणाला, "ओरिजिनल नाही राहिली, १५ हजार कमी होतील." मी म्हटलं, होऊ देत की. आणि आधी मी मित्रांना सांगत होतो की विकून टाका, भाव चांगला आहे, ते परत घेतो. निदान माझी तरी मी विकत नाही. खटक्यानंतर दोन आठवड्यांत खानापूरच्या बाजाराला तीनदा गेलो, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं टाकून. सीटला डाग पडला, पडू दे.

फक्त ५० च्या वर ती काच अजून शिट्टी मारते, रबर गेलंय. कुणाकडं जुनं रबर पडलं असेल तर सांगा. "ओरिजिनल आहे" म्हणून भाव सांगणार असाल तर राहू दे, सायकलची ट्यूब कापून लावतो.