बजेट ब्रँडचा 55 इंची टीव्ही : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा हिशेब

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घराच्या बैठकीत तेरा वर्षे 32 इंची टीव्ही होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आईला मालिकेतल्या पात्रांचे चेहरे नीट दिसेनात आणि बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरे वाचता येईनात, तेव्हा गेल्या दिवाळीच्या आधी मोठा टीव्ही घ्यायचे ठरले. हाताशी तीस हजार रुपये होते. तेवढ्या रकमेत एक तर नावाजलेल्या कंपनीचा 43 इंची टीव्ही मिळत होता, नाही तर बजेट ब्रँडचा 55 इंची. आम्ही 55 इंची घेतला. आठ महिने तो रोज पाच-सहा तास चालतो आहे आणि मध्यंतरी एकदा बिघडून दुरुस्तही झाला आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्याचा आम्हाला थेट लाभ झाला. जुन्या दराने 32,000 रुपयांना पडला असता तो टीव्ही 29,500 रुपयांना मिळाला.

ब्रँडचे नाव मी लिहीत नाही. या किमतीच्या टीव्हीत वरचे नाव आणि आतला माल यांचा संबंध बराच सैल असतो. थॉमसन, कोडॅक आणि ब्लाउपुंक्ट ही तीन परदेशी नावे भारतात एकाच कंपनीने परवाना घेऊन टीव्हीवर लावली आहेत, आणि डिक्सनसारखा उत्पादक अनेक ब्रँडांसाठी टीव्ही जोडून देतो. पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, बहुतेक वेळा चीनमधून येते. म्हणून केवळ नावावरून चित्राचा दर्जा ठरवणे मला धोक्याचे वाटते, आणि पुढे जे लिहिले आहे ते या वर्गातल्या बऱ्याच टीव्हींना लागू पडेल असे मी समजतो.

43 इंचांवरून 55 इंचांवर गेले की पडद्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त, म्हणजे सुमारे 1.6 पट होते. पैसे तेवढेच ठेवून क्षेत्रफळ इतके वाढवायचे, तर काटकसर कुठे तरी करावीच लागते, आणि ती दुकानात चटकन दिसणार नाही अशाच जागी केलेली असते: पडद्यामागच्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांत, उजेडाच्या क्षमतेत, स्पीकरमध्ये आणि विक्रीनंतरच्या सेवेत. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या फोरके (जास्त बारीक ठिपक्यांचे चित्र), एचडीआर (उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक जास्त दाखवणारे चित्र), क्यूएलईडी या शब्दांतून यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. क्यूएलईडी हाही मुळात एलसीडीच, म्हणजे मागून उजेड लागणारा पडदाच आहे; मागच्या उजेडातून रंग अधिक शुद्ध निघावेत म्हणून त्यात एक जास्तीचा थर असतो, इतकेच. स्वतः प्रकाशणाऱ्या ओएलईडीशी त्याचे नाते नाही.

महाराणी रोडवरच्या दुकानात ओळीने मांडलेल्या सगळ्या टीव्हींवर पोपट, फुले आणि समुद्राच्या लाटा चालू होत्या, आणि त्या चित्रफितीत कोणताही टीव्ही वाईट दिसत नव्हता. मी घरून पेनड्राइव्ह नेला होता. त्यात रात्रीच्या प्रसंगाचा एक तुकडा, क्रिकेट सामन्याची दोन मिनिटे आणि नुसत्या करड्या रंगाचे एक चित्र होते. दुकानदाराने "भाईसाहब, सबमें एक ही पिक्चर आता है" असे सांगून पाहिले, पण पेनड्राइव्ह लावून दिला आणि माझ्या विनंतीवरून चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वरही आणला. त्याबरोबर तिन्ही टीव्ही वेगळे दिसू लागले. करड्या चित्रावर एकाचे कोपरे काळवंडलेले होते. दुसऱ्यात काळा रंग छान गडद होता, पण दोन पावले बाजूला सरकताच माणसांचे चेहरे फिके पडत होते. तिसरा कुठूनही पाहिला तरी सारखा दिसत होता, मात्र त्यातली रात्र काळी न दिसता राखाडी दिसत होती.

हा फरक पॅनेलच्या जातीचा आहे. व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये काळा रंग खोल येतो आणि समोरून चित्र उठावदार दिसते; आयपीएस जातीचे पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग सांभाळते, पण अंधाऱ्या दृश्यात कमी पडते. खोक्यावर ही जात सहसा लिहिलेली नसते, म्हणून बाजूला सरकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. आमच्याकडे आईची आरामखुर्ची खिडकीपाशी, टीव्हीला चांगलीच तिरपी असते. टीव्ही मुख्यतः तिच्यासाठी होता, म्हणून आम्ही तिसरा निवडला. मुलाचे मत दुसऱ्याला होते, आणि रात्री दिवे मालवून सिनेमा पाहताना त्याचे म्हणणे मला पटते.

आता चित्राविषयी. आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. 55 इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोरके यांतला बारकावा साधारण दृष्टीच्या माणसाला सात फुटांच्या आतूनच कळू शकतो, त्यामुळे आमच्या बैठकीत फोरकेचा उपयोग फारच थोडा आहे. मूळ चित्र कोणत्या दर्जाचे येते, याने मात्र जमीनअस्मानाचा फरक पडतो. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात सुमारे 4 लाख 15 हजार ठिपके असतात आणि फोरके पडद्यावर सुमारे 83 लाख. म्हणजे दर वीस ठिपक्यांपैकी एकोणीस टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. हे काम करणारा प्रोसेसर स्वस्त टीव्हीत बेताचाच असतो. पहिल्या आठवड्यात एसडीवर मालिका लावली, तेव्हा साड्यांच्या काठांना मुंग्या लागल्यासारख्या दिसत होत्या आणि आईने जुना टीव्हीच बरा होता असे बोलून दाखवले. मराठी चॅनेलांचा एचडी पॅक घेतल्यावर ती तक्रार थांबली. ज्यांच्या घरी अजून एसडीच पाहिले जाते, त्यांनी पॅकचा दरमहा वाढणारा खर्च टीव्हीच्या किमतीत धरूनच विचार करावा.

क्रिकेटमध्ये दोन उणिवा दिसतात. कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकला की काच नीट पुसली नसावी तसे मळकट उभे पट्टे जाणवतात, कारण मागचा उजेड सगळीकडे सारखा पसरत नाही. आणि वेगाने जाणाऱ्या चेंडूमागे बारीक शेपूट राहते. मला याची सवय झाली, पण सामन्यांसाठीच टीव्ही घेणाऱ्याला हे खटकेल. एचडीआरचा शिक्का तर या वर्गात जवळजवळ निरर्थक आहे. एचडीआर चित्रपट बऱ्याचदा 1000 निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेड गृहीत धरून तयार केलेले असतात, तर असे टीव्ही साधारण 250 ते 300 निट्सपर्यंत जातात. टीव्ही ती फाइल स्वीकारतो, पण चित्र उजळण्याऐवजी मंदावते. दुपारी गॅलरीचे दार उघडे असले की पडद्यावर चित्राबरोबर आमचे पडदेही दिसतात. संध्याकाळनंतर मात्र हाच टीव्ही मनापासून आवडतो: रंग फार भडक नाहीत, माणसांची कांती नैसर्गिक दिसते आणि ओटीटीवरचा स्वच्छ एचडी कार्यक्रम दुप्पट किमतीच्या टीव्हीला लाज आणणार नाही इतका चांगला दिसतो.

आवाज कामापुरताही नाही. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले आहेत, त्यामुळे पार्श्वसंगीत ऐकू येते आणि संवाद हरवतात. साउंडबार घ्यावाच लागला. स्टॅबिलायझर मात्र दुकानदाराने आग्रह करूनही घेतला नाही, कारण टीव्हीच्या मागे 100 ते 240 व्होल्ट असे स्पष्ट लिहिलेले होते. पावसाळ्यातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावला.

पाचव्या महिन्यात एके सकाळी पडद्याच्या खालच्या भागात काळसर आडवा पट्टा दिसू लागला. टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवताच 48 तासांत माणूस येईल असा संदेश आला. माणूस आला सहाव्या दिवशी. इंदूरमध्ये कंपनीचे स्वतःचे केंद्र नाही, काम एका एजन्सीला दिलेले आहे आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो, हे तेव्हा कळले. खरेदीच्या दिवशी मी पॅनेलची जात तपासली, पण हा प्रश्न विचारला नाही, आणि तीच या व्यवहारातली खरी चूक ठरली. टीव्ही पुन्हा पूर्ववत व्हायला एकोणीस दिवस लागले. दोघा तंत्रज्ञांनी दिवाणावर गोधडी अंथरून टीव्ही उघडला आणि काचेचे पातळ पॅनेल अलगद उचलून बाजूला ठेवले, तोवर आई देव पाण्यात घालून बसली होती. आत पांढऱ्या कागदासारख्या पृष्ठभागावर दिव्यांच्या मोजक्या पट्ट्या होत्या. त्यांतली एक विझली होती. त्यांनी सगळ्याच पट्ट्या बदलल्या आणि जाताना बॅकलाइट, म्हणजे मागचा उजेड, शंभरावरून साठावर आणून ठेवला. पूर्ण उजेडावर सतत चालवले की पट्ट्या तापतात आणि लवकर जातात, असे त्यांनी सांगितले. आता तो साठावरच असतो आणि संध्याकाळी तेवढा पुरतो. वॉरंटी होती म्हणून खर्च आला नाही; पॅनेलच गेले असते आणि वॉरंटी संपलेली असती, तर दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही घेणेच सोयीचे झाले असते. त्याच आठवड्यात मी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली.

टीव्हीचे 29,500, साउंडबारचे 4,200 आणि वाढीव वॉरंटीचे 2,100, असे आजवर 35,800 रुपये झाले. नऊ फुटांवरून पाहणाऱ्या, एचडी पॅक आणि ओटीटी असलेल्या आणि मुख्यतः संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्या आमच्या घराला ही किंमत वाजवी वाटते. आई आता बातम्यांची पट्टी खुर्चीत बसून मोठ्याने वाचते. ग्वाल्हेरच्या मावशीने ते फोनवर ऐकले आणि हाच टीव्ही घेऊ का, असे विचारले. तिच्या बैठकीत खुर्च्या टीव्हीपासून सहा फुटांवर आहेत, केबलवर सगळी एसडी चॅनेले येतात आणि दुपारभर दार उघडे असते. मी तिला नावाजलेल्या कंपनीचा 43 इंची घ्यायला सांगितले, आणि आधी त्या कंपनीचे सेवा केंद्र ग्वाल्हेरात कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहून यायला सांगितले.