कोडला रंग देणारं एक्स्टेन्शन माझ्या फाइली बाहेर पाठवत होतं

३ डिसेंबरला सकाळी सव्वासातला नागपूरच्या कळमना बाजारातून काकांचा फोन आला. काका संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या गाड्यांच्या नोंदी, पेट्यांचा हिशोब आणि बिलं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते मी लिहिलंय. अंबिया बहाराची आवक जोरात होती, त्यामुळे मला वाटलं प्रिंटर अडला असेल.

"अरे, माह्या कार्डावर एक लाख अडतीस हजार काऊन मांगून राहिले?"

त्यांच्या क्लाउड सर्व्हरचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशिनीचं बिल महिन्याला दोन-सव्वादोन हजारांच्या वर कधी गेलं नव्हतं. आम्ही फक्त मुंबईतलं ठिकाण वापरायचो. अकाउंट उघडून पाहिलं तर दुसऱ्याच पाच ठिकाणी मोठमोठ्या मशिनी चालू होत्या. क्रिप्टो चलन काढण्यासाठी कोणीतरी त्या लावल्या होत्या, असं नंतर सपोर्टवाल्यांनी सांगितलं. प्रत्येक ठिकाण वेगळं उघडून मशिनी बंद करेपर्यंत अकरा वाजले. नशीब एवढंच की १५,००० रुपयांवरच्या ऑटो-पेमेंटला ओटीपी लागतो, रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे तो. त्यामुळे रक्कम तिथल्या तिथे कटली नाही.

मशिनी सुरू करायला वापरलेली ॲक्सेस की, म्हणजे अकाउंटची गुप्त चावी, माझीच होती. ती माझ्या लॅपटॉपवरच्या एका जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरात माहिती ठेवणारी फाइल) लिहून ठेवलेली होती. ॲक्सेस की अशी फाइलमध्ये ठेवायचीच नसते. ही चूक माझी, आणि काकांना मी ती त्याच दिवशी सांगितली. पण ती फाइल मी कुठेही अपलोड केलेली नव्हती, कोणाला पाठवलेली नव्हती. मग ती बाहेर गेली कशी, हे शोधायला मला दोन दिवस लागले.

मी त्रिमूर्तीनगरात घरूनच काम करतो. जेसन किंवा जावास्क्रिप्टची फाइल ब्राउझरमध्ये उघडली की सगळा मजकूर एका रंगात, सपाट दिसतो. कंस कुठे संपला, स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) कुठे सुरू झाली, डोळे ताणून पाहावं लागतं. तीन वर्षांपूर्वी मी त्यासाठी एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा प्रोग्राम, टाकलं. की-वर्ड (भाषेचे ठरलेले शब्द) निळे, स्ट्रिंग हिरव्या, कॉमेंट (कोडमधल्या टिपा) करड्या. टाकताना मी नीट तपासलं होतं. लेखकाचा कोड कोणालाही वाचता येईल असा उघडा होता, तो मी स्वतः वाचला होता, रेटिंग चांगलं होतं. लॅपटॉपवरच्या फाइलींनाही रंग यावा म्हणून सेटिंगमधला फाइल यूआरएलचा प्रवेश मीच सुरू केला होता.

मागच्या पावसाळ्यात एकदा ब्राउझरने हे एक्स्टेन्शन बंद करून सांगितलं की याला नवीन परवानगी हवी आहे: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. हातात काम होतं. नवीन डार्क थीम आली असेल म्हणून मी मान्य केलं आणि रंग परत आले. माझी फसवणूक झाली ती त्या एका क्लिकवर, आणि ते कळायला चार महिने गेले.

यातली मेख समजून घ्या. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं. नवीन परवानगी लागणार असेल तरच ब्राउझर थांबून विचारतो. जुन्याच परवानगीत भागत असेल तर आतला सगळा कोड बदलला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. आणि एक्स्टेन्शन विकता येतं. मूळ लेखकाने ते दुसऱ्याला दिलं की नाव तेच राहतं, चिन्ह तेच, हजारो लोकांनी दिलेले तारे तेच. बर्डीवरचं ओळखीचं दुकान कोणी विकत घ्यावं, पाटीला हात लावू नये आणि आत भलताच माल विकावा, तसंच हे. मी तीन वर्षांपूर्वी तपासलेला कोड माझ्या ब्राउझरमध्ये उरलाच नव्हता. मूळ लेखकाच्या पानावर 'हा प्रकल्प आता माझ्याकडे नाही' अशी एक ओळ होती, पण मी तिथे परत कशाला जातो?

हे पहिल्यांदाच घडलंय असंही नाही. टॅब झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये ते नव्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. ही बातमी मी तेव्हा वाचली होती.

शोध लागला तो असा. घाबरून मी पहिल्याच दिवशी सगळी एक्स्टेन्शन काढून टाकली होती, आणि तिथेच पुरावाही पुसला गेला. पण सिंकमुळे, म्हणजे एकाच खात्यावरचे ब्राउझर सारखे ठेवणाऱ्या सोयीमुळे, तेच एक्स्टेन्शन घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही बसलं होतं. ते मला माहीतही नव्हतं. तो नेटवरून तोडून मी आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या मित्राकडे घेऊन गेलो. त्याने आधी एक्स्टेन्शनच्या फोल्डरची कॉपी काढली, मग डेव्हलपर मोड आणि फाइल यूआरएलचा प्रवेश सुरू करून एक्स्टेन्शनच्या सर्व्हिस वर्करचं (त्याचा पडद्यामागे चालणारा भाग) नेटवर्क पान, म्हणजे बाहेर काय जातं त्याची यादी, उघडलं आणि त्याच्या मोबाइलचं नेट जोडलं. एक खोटी जेसन फाइल आम्ही बनवली, आत खोटा पासवर्ड टाकला आणि ब्राउझरमध्ये उघडली. रंग आले. दोन सेकंदांनी यादीत एक ओळ उमटली.

"अबे, हे पाह्य, काय जाऊन राहिलं," मित्र म्हणाला.

फाइल चार किलोबाइटची होती. एका अनोळखी डोमेनकडे गेलेला मजकूरही चार किलोबाइटच्या जरासा वर. उघडून पाहिला तर आमचा खोटा पासवर्ड त्यात जसाच्या तसा, आणि सोबत फाइलचा पूर्ण पत्ता, माझ्या नावाच्या फोल्डरसकट. माझ्या पोटात गोळा आला. काकांच्या ग्राहकांच्या याद्या, दरांचे तक्ते, असल्या किती फाइली मी चार महिन्यांत उघडल्या असतील!

रंग द्यायला इंटरनेट लागतच नाही, हे मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय. मजकुराचे तुकडे करायचे, हा की-वर्ड, ही स्ट्रिंग, ही कॉमेंट. प्रत्येक तुकड्याभोवती टॅग, म्हणजे खूण, घालायचा, आणि रंगांचे नियम लिहिलेल्या स्टाइलशीटने त्याला रंग द्यायचा. हायलाइट डॉट जेएस, प्रिझम या फुकट लायब्ररी (तयार कोडचे संच) हे सगळं ब्राउझरच्या आतच करतात. या एक्स्टेन्शनच्या पोटातही हायलाइट डॉट जेएसच होती. म्हणून रंग देणारं एक्स्टेन्शन तुमच्या फाइलीचा मजकूर बाहेर पाठवत असेल, तर त्याला कुठलंही सरळ कारण असू शकत नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर आज त्याच्या तपशिलात जा. साइट ॲक्सेस 'क्लिक केल्यावर' इतकाच ठेवा, फाइल यूआरएलचा प्रवेश बंद करा, लेखकाचं नाव एक्स्टेन्शन टाकताना होतं तेच आहे का पाहा. मी तर आता अशा फाइली कोड एडिटरमध्येच उघडतो. आणि गडबड झालीच, तर आधी ते एक्स्टेन्शन नसलेल्या ब्राउझरमधून ॲक्सेस की आणि पासवर्ड बदला, स्क्रीनशॉट घ्या, फोल्डरची कॉपी ठेवा, आणि मगच एक्स्टेन्शन काढा. मी उलट्या क्रमाने गेलो. जुना लॅपटॉप नसता तर दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. 'माझाच गाढवपणा' म्हणून गप्प बसू नका. मी दोन दिवस तसाच बसलो होतो.

क्लाउडवाल्यांनी बराच पत्रव्यवहार झाल्यावर बिलाचा मोठा भाग माफ केला. उरलेले ३१,००० मी भरले. काका अर्धे देतो म्हणत होते, पण मी घेतले नाहीत. त्यांच्या ग्राहकांना काय सांगायचं हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं आणि एकेकाला फोन केले. दीड दिवस त्यात गेला. ब्राउझरच्या एक्स्टेन्शन स्टोअरकडे तक्रार केल्यावर अकराव्या दिवशी ते एक्स्टेन्शन तिथून निघालं. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे. तो जुना लॅपटॉप नेटवरून तोडून कपाटात ठेवलाय, त्यांनी मागितला की नेऊन द्यायचा आहे.