लोरीन आणि साल्व्हादोर सोब्राल: युरोव्हिजनची दोन रूपे

युरोव्हिजन या मुख्यतः युरोपीय देशांमधील वार्षिक गीतस्पर्धेतील संस्मरणीय सादरीकरणांचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर दोन उभी राहतात: २०१२ साली बाकू येथे स्वीडनच्या लोरीनने गायिलेले ‘युफोरिया’ आणि २०१७ साली कीव येथे पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्रालने गायिलेले ‘अमार पेलुश दोइश’. लोरीनचा रंगमंच जवळजवळ अंधारात होता; अनवाणी पाय, चेहऱ्यावर आलेले केस आणि शेवटाकडे कृत्रिम हिमवर्षावात साथीला येणारा एकच नर्तक, एवढ्यावर तिने सारे सभागृह भारून टाकले.

सोब्रालने मात्र मोठा रंगमंचच नाकारला. प्रेक्षकांच्या मधोमध लहानशा गोल चौथऱ्यावर उभे राहून, बोटे अस्वस्थपणे हलवत, बहीण लुईझाने रचलेले गाणे तो जणू स्वतःशीच गुणगुणत होता, आणि तरीही ७५८ गुणांसह त्याने पोर्तुगालला पहिले विजेतेपद मिळवून दिले. लोरीनने २०२३ मध्ये लिव्हरपूल येथे पुन्हा बाजी मारली, हे खरेच. तरीही माझा कौल सोब्रालला आहे. कारण लोरीनच्या गाण्याला ठेक्याचा आणि प्रकाशयोजनेचा भक्कम आधार होता, तर सोब्रालच्या गाण्याचा बहुतेक भार त्या हळव्या, किंचित कापणाऱ्या आवाजाने एकट्याने पेलला.